एका जाड तारेची कुरडई

परवा सटाण्याकडून, जिजीच्या घरून, पिशवी आली. दरवर्षी आखाजीच्या आधी येते. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरायची, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, आमरस करायचा आणि कुरडया तळायच्या. पितर जेवतात की नाही देव जाणे, आपण मात्र दुपारी आडवे होईपर्यंत जेवतो.

वर्तमानपत्राची पुडी सोडली आणि एक कुरडई गॅलरीतल्या उजेडाला धरली. सगळ्या तारा बारीक, एकसारख्या, आणि मधूनच एक जाड तार सगळ्या वेटोळ्यांतून फिरलेली. त्या घरच्या सोऱ्याच्या चकतीला दोन भोकं फुटून एक झालेली आहेत. नवी चकती कुठेही मिळते, पण बदलायची नाही. ही कुरडई तळली की सगळी फुलते, ही एक तार तेवढी फुलत नाही. कडक राहते, दाताला लागते. मुलं ती काढून ताटाच्या कडेला ठेवतात. मी खाते.

आणि मग पहिल्या लॉकडाऊनचा तो मेला उन्हाळा पुन्हा घरात येऊन बसतो.

जिजी माझी कोण लागायची? माझ्या सासूबाईंच्या मावसबहिणीची जाऊ. आता लावा हिशोब. लग्नात एकदा पाया पडले असेन, तेवढीच ओळख. पण तिला गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला, रेडिएशनचे शेक घ्यायला रोज नाशकातल्या दवाखान्यात जावं लागणार म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्या घराने "नाशिकला आपलं कोण?" म्हणून शोध घेतला आणि त्या शोधात आम्ही सापडलो. सासूबाई हयात असत्या तर त्यांच्या गळ्यात पडलं असतं. त्या सुटल्या, मी सापडले. पेठ रोडला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट, संडास एक. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? "या," म्हटलं.

तिचा मुलगा दिलीप तिला सोडून गेला आणि त्याच आठवड्यात सगळं बंद झालं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो हा.

ती आली ती एक पिशवी घेऊन. तीत दोन लुगडी, एक पितळी डबी आणि तळाशी गुंडाळलेलं कोरं हिरवं लुगडं. डबीत दोन कप्पे, एकात मेण, एकात कुंकू. सकाळी उठल्यावर तोंड धुवायची, बोटावर मेण घेऊन कपाळावर गोल फिरवायची, त्यावर कुंकू दाबायची. टिकलीला नावं ठेवायची. "तुमचं काय, चिकटवलं का काढलं. हे पाह्य, पाण्यानं जात नही, घामानं जात नही." मास्क लावला की तिचा चेहरा म्हणजे दोन डोळे आणि वर ते कुंकू, एवढाच उरायचा.

हिरव्या लुगड्याचं मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. अगदी पहिल्या दिवशी, मी चहा गाळत असताना. "ते माझ्या जायच्या दिवसाचं शे. आबांच्या आधी जाईन मी, अहेव. मळवट भरा माझा चांगला कपाळभर. कॅन्सर दिला देवानी, पण नवऱ्याच्या आधी नेतोय, यवढं भलं केलं त्यानं." आबा म्हणजे तिचा नवरा. गावाकडे ठणठणीत, कांद्याच्या चाळीवर राखणीला झोपणारा गडी. मी म्हटलं, अहो जिजी, तुम्ही बऱ्या होणार आहात. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प चहात साखर टाकली. दोनदा टाकली गेली.

तेव्हा मला मनातून हसूच आलं होतं. लोक मरणाला घाबरतात, ही बाई मरणात नंबर आधी लागावा म्हणून खटपट करतेय! पण तिच्याजवळ मागण्यासारखं दुसरं काही उरलेलंच नव्हतं. शेत मुलाच्या नावावर, घर सुनेच्या हातात, पोट त्या रोगाच्या. कपाळ तेवढं तिचं.

रोज हे तिला मोटारसायकलवर मध्ये बसवायचे, मागे मी धरायला. तीन माणसं एका गाडीवर, त्या दिवसांत! नाक्यावर पोलीस दांडका उगारूनच यायचा. मी ओरडायची, "कॅन्सर आहे हो, कॅन्सर!" की त्याचा हात खाली. एकदा तर एकाने हात जोडले. "जा ताई. मला वाटलं ते दुसरं." सोसायटीतही तेच. जिजीला खोकला आला आणि चेअरमन पाटील खालूनच ओरडले, "वहिनी, पेशंटला नक्की काय आहे?" मी गॅलरीतून सांगितलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. "कॅन्सरच ना? मग हरकत नाही. मी सगळ्यांना सांगतो, घाबरू नका म्हणून." जिजी आत ऐकत होती. एरवी कॅन्सर म्हटलं की लोक आवाज खाली आणतात. त्या उन्हाळ्यात आम्ही तो गॅलरीतून ओरडून सांगितला आणि आख्खी बिल्डिंग निवांत झोपली.

शेक घेऊन आली की तिला जुलाब लागायचे. ते धुणं, तो वास, फिनेलचा वास, वर बंद खिडक्यांची उकड. रामकुंडावर चिटपाखरू नव्हतं, देवळांच्या घंटा बंद होत्या आणि मखमलाबादकडून वारा आला की वेलीवरच सडलेल्या द्राक्षांचा आंबूस वास यायचा. मी खोटं कशाला बोलू, कंटाळा आला होता मला. एक दिवस बादली आपटली मी. ती आतून म्हणाली, "आपट बाई. माझीच सून असती तर तिनं मले आपटलं असतं." आणि हसली. मलाही हसू आलं, मग रडू आलं, मग मी बादली पुन्हा भरली.

बाकी वेळ तिचा एकच धोशा. "मले घरी जानं शे." सकाळी, दुपारी, जेवताना. वैतागून दिलीपला फोन लावावा तर तो म्हणायचा, गावाने गावबंदी केली आहे, मालेगावकडे साथ फार आहे, रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्यात, नाशिकच्या माणसाला कुणी आत घेणार नाही. मग आबा फोनवर यायचे. त्यांना फोनवर बोलताच यायचं नाही. "जेवली का?" एवढंच विचारायचे आणि गप्प. तीही, "जेवले. तुम्ही?" म्हणायची आणि गप्प. मग दोघं बराच वेळ फोन कानाला लावून बसायची. मी म्हणायची, अहो बोला की काहीतरी! ती म्हणायची, "बोलतोय ना."

आणि कुरडया. आखाजी तिने माझ्याकडे काढली आणि माझ्या दुकानातल्या कुरडया ताटात तशाच ठेवल्या. "ह्या काय कुरडया म्हनायच्या?" मग गाडीवरून येता-जाता, पोलिसासमोरही, तिच्या सोऱ्याचं पुराण. आईने लग्नात दिलेला पितळी सोऱ्या. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, पहाटे चुलीवर शिजवायचा, गरम चीक दूध-साखर घालून आधी घरातल्यांना द्यायचा आणि मग धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, कुरडया घालायच्या. चकतीचं भोक फुटलं तेव्हा आबा नवी आणायला निघाले होते, हिने आणू दिली नाही. "एक तार जाड येऊ दे. आमच्या घरची म्हनून वळखू तरी येती." फोनवर सुनेला रोज दटावायची, "वैशाली, यंदा वाळवण घातलं का नही? मले धाड. नुसती चाटीन."

आखाजीनंतर थोड्याच दिवसांनी सकाळी दिलीपचा फोन आला. माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे. हे बोलत-बोलत जिन्यात गेले, मागोमाग मी. आबांच्या छातीत कळ आली होती. गाडी काढली, गावच्या वेशीपर्यंत आली आणि तिथे बाभळी. कोरोना येऊ नये म्हणून गावानेच टाकलेल्या. त्या काट्यांना हात लावायचा कसा, मोडायच्या कशा, कुऱ्हाड आणा, दोर आणा. रस्ता मोकळा झाला तोवर आबा गाडीतच गेलेले होते. कोरोना काही त्या वेशीवर आला नाही. गावाचाच माणूस तेवढा बाहेर पडू शकला नाही.

मग दिलीप माझ्याशी बोलला. रडतच होता पोरगा. "काकू, आईला सांगू नका. डॉक्टरांनी मला सांगितलंय, ती काही फार दिवसांची नाही. अहेव जायचं एवढंच तिच्या मनात आहे. जाऊ द्या तिला तशीच." मी म्हटलं, अरे, पण तिचा नवरा आहे तो! तो म्हणाला, "म्हणूनच."

म्हणजे नवरा गेला तरी चालेल, बायकोला कळता कामा नये. कळलं की बांगड्या फोडा, कुंकू पुसा, लुगड्याचा रंग बदला. नाही कळलं तर ती सवाष्ण. मी फोन ठेवला. नवऱ्याचा जीव तिकडे सटाण्यापुढच्या एका वेशीवर जातो आणि बायकोचं अहेवपण इकडे पेठ रोडला माझ्या तोंडावर येऊन बसतं, हा कुठला न्याय? पण मी तोंड मिटलं. दुसरं सुचलं नाही, आणि खरं सांगू, आजही सुचत नाही.

आबा मग चाळीवर गेले. आबांचा फोन बिघडला. आबांचा घसा बसला. तिकडून दिलीप सांगायचा, इकडून मी तिखटमीठ लावून पुढे करायची. जिजी म्हणायची, "घसा बसला तर काढा दे म्हनावं." मी म्हणायची, हो हो, सांगते. सकाळी ती मेण लावायला बसली की मी स्वयंपाकघरात काहीतरी शोधायला जायची. एका शुक्रवारी शेजारच्या जोशीकाकू दारातूनच, हात लांब करून, तिला हळदकुंकू लावून गेल्या. तिने त्यांना "अखंड सौभाग्यवती" म्हणून आशीर्वाद दिला. काकूंनी उलट म्हटलं, "तुम्हालाही." मी दार लावून घेतलं.

आणि मग ती पिशवी आली. गावाचा टमाट्याचा टेम्पो मार्केट यार्डात यायचा, भाजीला परवानगी होती. दिलीपने त्यातून कुरडया पाठवल्या. त्याला वाटलं, आईचा धोशा संपेल आणि तिकडे सगळं नेहमीसारखं चालू आहे अशी तिची खात्रीही पटेल. हुशार! पण मरण झालेल्या घरात वर्षभर वाळवण घालत नाहीत. कुरडया, पापड, लोणचं काही नाही. सोयरे, शेजारी आणून देतात. वैशालीने तो नियम पाळला. शेजारणीने दिलेल्या कुरडयांतल्या चार काढून सासूला पाठवल्या. आईशी रोज फोनवर खोटं बोलायला या घराची हरकत नव्हती, पण दुखवट्यात चुलीवर चीक शिजवायची मात्र छाती झाली नाही. आपल्या माणसांची ही रीत कुणाला सांगूनही पटायची नाही.

मी पुडी जिजीच्या मांडीवर ठेवली. "घ्या, आला तुमचा माल." तिने एक उचलली. गॅलरीतल्या उजेडाला धरली. फिरवून बघितली. मग दुसरी. मग सगळ्या. मी कणीक मळत होते, माझं लक्ष माझ्या हातात.

"वैशालीनं केल्या?" तिने विचारलं.

"नाहीतर कुणी?" मी म्हटलं. "तळू का एक?"

"तळ की."

तळली. चांगली पांढरीशुभ्र फुलली, शेवटच्या तारेपर्यंत. तिने तुकडा मोडून जिभेवर ठेवला आणि बराच वेळ तोंडात धरून बसली. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला वाटलं, घरची आठवण आली असेल. मी म्हटलं, जिजी, होईल सगळं सुरळीत. ती म्हणाली, "हो."

त्या दिवसानंतर ती आबांना फोन लाव म्हणाली नाही. घरी जायचं नाव तर काढलंच नाही. मला हायसं वाटलं. हे म्हणालेसुद्धा, "रमली बघ आता." रमली! पुढे निर्बंध सैल झाले, गावाने पुन्हा टाकलेल्या बाभळी काढल्या, शेकही संपले होते. गाडी करून तिला घरी सोडता आलं असतं. ती दिलीपला म्हणाली, "नको. इथं बरं शे मले." ज्या बाईने माझे कान किटवले होते, ती माझ्या त्या कोंदट हॉलमध्ये, परक्याच्या घरात मरायला राजी झाली. घरी गेली असती तर दारातच बायकांनी गळ्यात पडून हंबरडा फोडला असता. मग पुसावं लागलं असतं. घर आणि कुंकू यांतलं एकच मिळणार होतं. तिने हिशोब केला आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही.

मला तो लागला वटपौर्णिमेला. तिच्या अंगात उठायचं बळ नव्हतं, तरी हट्ट धरला. वडाजवळ जायला बंदी, म्हणून हे कुठूनतरी एक फांदी घेऊन आले, ती मी गॅलरीतल्या कुंडीत खोचली. जिजी स्टुलावर बसली. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या इतके हात वाळलेले. तिने सुताचं टोक धरलं, फांदीला पहिला वेढा घातला आणि पुटपुटली, जन्मोजन्मी हाच. माझ्या हातात पूजेचं ताट होतं. त्या माणसाचा दशक्रियाविधी होऊन गेला होता आणि ही त्याचं आयुष्य मागत होती! मला सहन होईना. मी ताट खाली ठेवलं. म्हटलं, "जिजी, थांबा. मला तुम्हाला एक—"

तिने सूत सोडलं नाही. दुसरा हात माझ्या तोंडावर ठेवला. हळदीचा हात, थंडगार.

"सांगू नको, माय," ती म्हणाली. "तू सांगशी, तर मले पुसनं पडी."

तिने हात काढला, माझ्या हनुवटीला लागलेली हळद पदराने पुसली आणि दुसरा वेढा घातला.

"त्या कुरडया परक्या घरच्या होत्या," सूत फिरवता फिरवताच म्हणाली. "तवाच कळलं, घरात चूल नही पेटली वाळवणाची. मग कोन गेलं असंल? दिलीप रोज बोलतो. वैशाली बोलती." तिने तिसरा वेढा घातला. "तू चांगली बोलतीस खोटं. बोलत ऱ्हाय. आबाचा घसा कसा शे?"

मी म्हटलं, "बरा आहे आता." आणि ढसाढसा रडले. ती रडली नाही. तिला रडता येणारच नव्हतं, रडायला नवरा गेलेला माहीत असावा लागतो. कुरडईचा तुकडा तोंडात धरून बसली होती, तेच काय ते तिचं आबांसाठीचं रडणं झालं. बाईला नवऱ्यासाठी मोकळं रडायचं असेल तर आधी कपाळ उघडं करा, असा हा आपला धर्म. आग लागो त्याला.

त्यानंतर ती फार दिवस टिकली नाही. एका सकाळी मेणाची डबी उशाशी मागून घेतली, मला लाव म्हणाली, मी लावलं, आणि दुपारी ती गेली.

दिलीप आला, सोबत भाऊकीतले नाना. तोवर मी तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं. ओटी भरायला सवाष्णी बोलावल्या तर सगळ्या आपापल्या दारात उभ्या. "कॅन्सरनेच ना नक्की?" जोशीकाकू तेवढ्या आल्या. मी जिजीच्या कपाळावर मेण लावून मोठं गोल कुंकू दाबलं. मळवट भरायला हात नेला, तेवढ्यात नाना दारातून म्हणाले, "बाई, हे काय चालवलं? आबाला जाऊन महिना उलटला. रांडव बाई ती. पुसा ते. भाऊकीला दोष लागंल."

दिलीप खाली मान घालून उभा. हे सगळं त्यानेच रचलेलं. मीच मग म्हटलं, "नाना, तिला कुणी सांगितलं होतं?"

"काय?"

"नवरा गेल्याचं. तुम्ही सांगितलं? दिलीपने सांगितलं? मी सांगितलं? नाही ना? मग ती अहेवच गेली. माझ्या घरात तिला कुणी हात लावायचा नाही." माझा आवाज खाली पार्किंगपर्यंत गेला असणार, कारण पाटलांचं दार उघडलं आणि बंद झालं. नाना वळले आणि न्यायची घाई लावली. कपाळभर मळवट तेवढा भरायचा राहिला. तिला उचललं, आणि मी सगळं आवरायला मागे राहिले. अमरधामात, म्हणजे स्मशानात, आम्हा बायकांना नेत नाहीत.

संध्याकाळी हे परत आले. आंघोळ करून बाहेर आले आणि टॉवेल वाळत घातला. मी चहा ठेवला. म्हटलं, झालं ना सगळं नीट?

"नानांनी तिथे पुसलंच," हे म्हणाले.

मी गाळणी ओट्यावर आपटली.

"ऐक तर. ओलं फडकं घेऊन पुसायला लागले. पण ते मेणावरचं, निघेना. जितकं पुसावं तितकं पसरायला लागलं. पार भुवयांपासून केसांपर्यंत सगळं कपाळ लाल झालं. नाना पुसतायत, पुसतायत. शेवटी गुरुजी घड्याळ बघून म्हणाले, 'मळवट भरून झाला असेल, तर आता उचलू या का?'"